मार्जार, दद्रु आणि मिश्र औषधें

संस्कृतांत मांजरास जीं अनेक नांवें आहेत त्यांत ‘मार्जार’ हें विशेष अर्थपूर्ण होय. ‘मृज्’ म्हणजे पुसणें, स्वच्छ करणें. या धातूपासून तें झालें आहे. जें सदा आपलें अंग पुसत असतें तें मार्जार. हें नांव ज्यानें ठेविलें त्यानें मांजर नीट पाहिलें होतें यांत शंका नाहीं. आपल्या स्मृतिकारांनींहि या प्राण्यास सोवळ्याओवळ्याच्या कडक नियमांतून सूट देऊन नित्य शुद्ध गणिलें आहे. कुत्र्यास उंबरठ्याबाहेर ठेवणाऱ्या आपल्या घरांतून मांजर मात्र चुलीपासून माजघरापर्यंत निर्वेध फिरत आलें आहे. आणि मांजर मारणाऱ्यानें सोन्याचें मांजर काशीस नेऊन वाहिलें पाहिजे, हा दंडक आजीच्या तोंडून आपण सर्वांनीं लहानपणींच ऐकिलेला आहे.

अशा शुचिर्भूत प्राण्यास त्वचेचा रोग व्हावा, आणि तो त्यानें घरांतील मुलाबाळांस द्यावा, हें प्रथम ऐकतांना विपरीत वाटतें. परंतु तसें होतें. गजकर्ण किंवा नायटा या नांवांनीं आपण ज्यास ओळखतों, आणि चरक-सुश्रुतांनीं ज्यास दद्रु म्हटलें, त्याच जातीचा रोग मांजरांसहि होतो. व तो बरा करण्यास मिश्र उपचार लागतो असें पशुवैद्य सांगतात. घोटाळ्यास आरंभ येथेंच होतो. कारण ‘मिश्र’ म्हणतांच पुष्कळांच्या डोळ्यांपुढें उभी राहते ती औषधांच्या दुकानांतील तीन द्रव्यांची ट्यूब. वस्तुतः एक मिश्रण रोग घालवितें, दुसरें रोगास झांकून वाढवितें. या दोहोंतील भेद वाचकांस स्पष्ट व्हावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

उल्हासकांठची हवा

कल्याणहून कर्जतच्या वाटेस लागलें कीं उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं स्थानकें एकामागून एक येतात. अंबरनाथचें शिवालय शके ९८२ मधील, म्हणजे साडेनऊशें वर्षांहून जुनें. उल्हासनगर त्या मानानें कालचें. फाळणीनंतर येथें वसलेल्या सिंधी निर्वासितांच्या कल्याण कॅम्पास १९४९ सालीं हें नांव मिळालें. बदलापूर तर मुंबईच्या नोकरदारांनीं भरून गेलें तें अलीकडच्या कांहीं दशकांत. तिन्ही गांवांचें वय निरनिराळें, पण पावसाळा एकच. ज्येष्ठांत लागलेला पाऊस भाद्रपद सरेपर्यंत पाठ सोडीत नाहीं. दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहींत, भिंतींस ओल येते, आणि लोणच्याच्या बरणीपासून चामड्याच्या चपलेपर्यंत सर्वत्र बुरशी धरते. कॅम्पांतील जुन्या खोल्या असोत कीं बदलापूरकडील नव्या इमारतींतल्या सदनिका असोत, जागा बेताची. त्यांत माणसें, अंथरुणें, पंचे व मांजरें यांचा सहवास फार निकटचा. गजकर्णास याहून अधिक अनुकूल काय असणार ?

त्यांत एक नवी चाल पडली आहे. पूर्वीं मांजर कोणी विकत आणीत नसे. तें आपण होऊन येई आणि घर आपलेंसें करी. आतां लांब केसांचीं पर्शियन पिलें पैसे मोजून आणतात. या जातीच्या मांजरांत गजकर्ण विशेष आढळतें; शिवाय जेथें अनेक पिलें एकत्र वाढविलेलीं असतात तेथें एकाचा रोग सर्वांस लागावयास वेळ लागत नाहीं.

अंबरनाथच्या आमच्या आळींतील एका घरीं असेंच एक पिलूं आलें. महिन्याच्या आंत त्याच्या कानाच्या कडेवरील केस गळाले व तेथें राखेसारखा कोंडा दिसूं लागला. मागोमाग घरांतील दहा वर्षांच्या नातीच्या मानेवर व आजीच्या मनगटावर तांबूस कड्यासारखे चट्टे उमटले. आजोबांनीं दुकानांतून एक ट्यूब आणिली व तिघांसहि तीच लावण्यास प्रारंभ केला. चार दिवसांत खाज थांबली आणि ट्यूबेची वाखाणणी झाली. तिसऱ्या आठवड्यांत मात्र चट्टे दुप्पट झाले, आणि गंमत अशी कीं त्यांची कड आतां धड ओळखूंहि येईना. पिलानें अंगावरचें मलम चाटून टाकिलें व खाणें सोडलें. मग घरांत विचार निघाला तो पिलास गोणींत घालून मासळीबाजाराजवळ सोडून येण्याचा. अशी घरें या तीन गांवांत थोडीं नसावींत. म्हणून या रोगाचें मूळ प्रथम पाहूं.

रोगाचें मूळ

केस, नखें व त्वचेचा बाह्य थर हीं केरॅटिन नांवाच्या एकाच कठिण द्रव्याचीं बनलेलीं असतात. बहुतेक जिवांस तें पचत नाहीं. परंतु बुरशीचीं कांहीं कुळें त्यावरच उपजीविका करतात. पॅरिस येथें राहणाऱ्या डेव्हिड ग्रुबी या डॉक्टरानें १८४० नंतरच्या दोन-चार वर्षांत सूक्ष्मदर्शकाखालीं रोग्यांचे केस ठेवून दाखवून दिलें कीं, डोक्यावरील नायट्याचें कारण रक्तदोष नसून ही बुरशी होय. पुढें त्याच नगरींत रेमंड साबुरो यानें या बुरशींचा सखोल अभ्यास केला. त्यानें सिद्ध केलेल्या खाद्यावर आजहि प्रयोगशाळांतून त्या वाढवितात. मांजरांत सर्वाधिक आढळणाऱ्या बुरशीस १९०२ सालीं बोदिन या शास्त्रज्ञानें मायक्रोस्पोरम कॅनिस असें नांव दिलें. ‘कॅनिस’ म्हणजे कुत्र्याची. पण नांव सासरचें असलें तरी तिचें माहेर मांजराच्याच अंगावर आहे.

ही बुरशी केसांत शिरली म्हणजे केस ठिसूळ होऊन तुटतो आणि त्याच्या तुकड्याबरोबर असंख्य बीजाणु घरभर पसरतात. धुळींत ते वर्षभर, क्वचित् त्याहूनहि अधिक काळ, जिवंत राहूं शकतात. मात्र बीजाणु अंगावर पडला कीं रोग झालाच असें नाहीं. धडधाकट मांजर आपल्या खरखरीत जिभेनें अंग चाटून त्यांतील बरेचसे काढून टाकतें. मार्जार हें नांव येथें अक्षरशः सार्थ होतें. रोग बळावतो तो पिलांत, वृद्ध व आजारी मांजरांत, पिसवांनीं त्वचा ओरबाडली गेलेल्यांत आणि ज्यांना आपले लांब केस नीट चाटतां येत नाहींत अशांत. संसर्गानंतर एक ते तीन आठवड्यांत चट्टे दिसूं लागतात. प्रकृति उत्तम असल्यास मांजर औषधावांचूनहि दोन-तीन महिन्यांत बरें होतें. पण तेवढ्या अवधींत तें घरांतील सर्वांस प्रसाद वाटीत असतें. म्हणून उपचार टाळूं नये.

गोल चट्टा दिसला म्हणजे गजकर्णच, असेंहि समजूं नये. पिसवांच्या चाव्यानें, खरजेच्या किड्यांनीं व जंतूंमुळेंहि केस गळतात. पशुवैद्य प्रथम अंधाऱ्या खोलींत वुडचा दिवा धरतो. अमेरिकन पदार्थवैज्ञानिक रॉबर्ट वुड यानें १९०३ च्या सुमारास एक प्रकारची कांच तयार केली; तिच्यांतून डोळ्यांस न दिसणारे जंबुपार किरण तेवढे बाहेर पडतात. १९२५ सालीं फ्रान्समधील दोन डॉक्टरांना आढळलें कीं, या किरणांत बुरशी लागलेले केस हिरवे चमकतात. मायक्रोस्पोरम कॅनिसनें धरलेला केस कच्च्या सफरचंदासारखा हिरवा दिसतो. येथें चमक केसाच्या दांड्यास हवी. नुसता कोंडा किंवा फांसलेलें मलम चमकलें तर त्यास अर्थ नाहीं. पुढें केस पोटॅशच्या द्रवांत ठेवून सूक्ष्मदर्शकानें पाहतात आणि नवा दांतघांशा अंगावरून फिरवून त्यास चिकटलेले केस प्रयोगशाळेंत रुजत घालतात. त्याचा निकाल येण्यास दोन-तीन आठवडे लागूं शकतात. पण बुरशी कोणत्या कुळांतील हें त्यानेंच ठरतें.

कुळ ठरणें हें केवळ पंडिती कुतूहल नव्हे. गेल्या दशकाहून अधिक काळ भारतांत माणसांमध्यें गजकर्णाची जणूं साथच चालली आहे. त्या साथींतील प्रमुख बुरशीस २०२० सालीं ट्रायकोफायटन इंडोटिनी असें स्वतंत्र नांव मिळालें. ती प्रामुख्यानें माणसाकडून माणसास लागते: ओले कपडे, एकच पंचा, एकच अंथरूण यांच्या द्वारें. तेव्हां घरांत कोणास गजकर्ण झालें म्हणजे मांजरावर खापर फोडण्यापूर्वीं चौकशी अवश्य करावी. कित्येकदां मांजर निर्दोष असतें, आणि खरें कारण न्हाणीघराच्या खुंटीवर लोंबत असतें.

घातक मिश्रण

आतां त्या ट्यूबेकडे वळूं. तिच्यांत बहुधा तीन द्रव्यें असतात. एक बुरशीवरील औषध, दुसरें जंतुनाशक अँटिबायॉटिक आणि तिसरें एक प्रखर स्टिरॉइड. पहिलें कामाचें खरें, पण त्याचें काम बिघडविण्यासाठींच जणूं तिसरें शेजारीं बसविलें आहे. अँटिबायॉटिकाचा बुरशीवर परिणाम होत नाहीं. तें येथें निरर्थक असतें. स्टिरॉइडचा प्रकार अधिक कपटी. खाज व लाली हीं बुरशीचीं नव्हेत, बुरशीशीं लढणाऱ्या आपल्या त्वचेचीं लक्षणें आहेत. घरांत चोर शिरल्यावर कोणी घंटा वाजवावी आणि आपण चोरास न धरतां घंटा कापडानें बांधून ठेवावी, तसें स्टिरॉइड करतें. खाज थांबते, लाली जाते, रोगी संतुष्ट होतो. आणि निर्वेध झालेली बुरशी आंत पसरते. चट्ट्याची कड पुसट होते, त्यामुळें अनुभवी डॉक्टरासहि रोग ओळखणें कठिण जातें. ट्यूब बंद करतांच सर्व दुप्पट जोरानें उसळतें, म्हणून रोगी पुन्हां तीच ट्यूब आणतो. शेजाऱ्यांच्या घरीं घडलें तें हेंच.

देशांतील गजकर्ण इतकें हट्टी होण्याच्या कारणांत त्वचारोगतज्ज्ञ या ट्यूबांची प्रामुख्यानें गणना करतात. टर्बिनाफीन हें एके काळीं हमखास लागू पडणारें औषध. इंडोटिनी बुरशीच्या अनेक प्रकारांस आतां तें जुमानेनासें झालें आहे. २०१८ सालीं केंद्र सरकारनें चौदा स्टिरॉइड मलमें अनुसूची ‘एच’ मध्यें घालून तीं डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून विकण्यास मनाई केली. तरीहि चिठ्ठीशिवाय मागणारे व देणारे दोघेहि अद्याप संपलेले नाहींत.

माणसास जें अपायकारक तें मांजरास अधिकच. मांजराच्या दाट केसांतून मलम त्वचेपर्यंत धड पोंचत नाहीं. दिसणाऱ्या चट्ट्यापलीकडेहि बुरशी असतेच, तेथें तर तें लागतच नाहीं. आणि लाविलेलें थोड्याच वेळांत जिभेवाटे पोटांत जातें. जो स्वभाव मांजराचें रक्षण करतो तोच येथें त्याच्या जिवावर उठतो. पोटांत गेलेलें प्रखर स्टिरॉइड रोगप्रतिकारशक्ति खालावतें व शरीरांतील ग्रंथींचें कार्य बिघडवितें. शिवाय मांजराच्या यकृताची घडण आपल्याहून वेगळी आहे. कित्येक द्रव्यें ग्लुक्युरोनिक आम्लाशीं जोडून निरुपद्रवी करण्याची जी सोय आपल्या शरीरांत आहे ती त्याच्या ठिकाणीं फार अपुरी असते. आपण तापावर घेतों त्या पॅरासिटामॉलच्या अर्ध्या गोळीनेंहि मांजर दगावूं शकतें, तें याच कारणानें.

हाच न्याय आपल्या जुन्या घरगुती औषधांसहि लागू आहे. व्हिटफील्डचें मलम आपल्यापैकीं वडील मंडळींस आठवत असेल. तेंहि मिश्रणच, बेंझोइक व सॅलिसिलिक या दोन आम्लांचें. माणसाच्या नायट्यावर तें चांगलें, पण हीं दोन्ही आम्लें मांजरास विषारी. एकोणिसाव्या शतकांत मुंबईंत नायट्यावर ‘गोवा पावडर’ प्रसिद्ध होती. ती मूळची ब्राझीलमधील एका वृक्षाची भुकटी, पोर्तुगीजांच्या हातून गोव्यास आलेली. ती कातडें भाजीत असे व कपड्यांवर डाग पाडीत असे. चाटणाऱ्या प्राण्यास ती लावण्याची कल्पनाहि नको. पहिल्या पावसाबरोबर बदलापूरच्या माळांवर उगवणारा टाकळा आपण भाजीकरितां घेतों. संस्कृतांत त्याला चक्रमर्द म्हणतात व ‘दद्रुघ्न’ असेंहि त्याचें एक नांव आहे. आयुर्वेदांतील त्याच्या स्थानाबद्दल मला आदर आहे. परंतु तो लेप माणसासाठीं सांगितलेला, मांजरासाठीं नव्हे. टी-ट्री तेलासारखीं सुगंधी तेलेंहि मांजरास बाधतात.

उपकारक मिश्रण

मग योग्य मिश्रण कोणतें ? तें एका ट्यूबेंत मावणारें नाहीं. पोट, अंग आणि घर अशा तीन ठिकाणीं एकाच वेळीं केलेला उपचार म्हणजे तें मिश्रण. पशुत्वचारोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेनें २०१७ सालीं जीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं त्यांचा मथितार्थ हाच आहे कीं, पोटांतील औषध व अंगावरील औषध यांची जोड हाच उत्तम मार्ग, आणि त्यास स्वच्छतेची साथ हवी.

जोड कां लागते हें समजणें अवघड नाहीं. पोटांत दिलेलें औषध रक्तावाटे केसाच्या मुळाशीं पोंचतें व तेथें वाढणारी बुरशी रोखतें. पण केसांवर आधींच बसलेल्या बीजाणूंवर त्याची सत्ता चालत नाहीं. स्नानाचें औषध हे वरचे बीजाणु मारतें व संसर्ग थांबवितें. पण केसाच्या मुळांत त्याचा शिरकाव नाहीं. एक आंतला शत्रु धरतें, दुसरें दारावरचा. एकावांचून दुसरें अपुरें.

पोटांत देण्याच्या औषधांचा इतिहास मनोरंजक आहे. १९३९ सालीं लंडनमधील रसायनशास्त्रज्ञांनीं एका पेनिसिलियम बुरशीपासूनच ग्रिसिओफुल्विन हें द्रव्य काढिलें. १९५८ सालीं तें पोटांत देऊन गिनीपिगांचें गजकर्ण बरें झाल्याचें सिद्ध झालें, तेव्हां कांट्यानें कांटा काढण्याची म्हण खरी झाली. पुढें कित्येक वर्षें मांजरांसहि तेंच देत. परंतु कांहीं मांजरांत त्यानें अस्थिमज्जेस इजा होते आणि गाभण मांजरीच्या गर्भांत व्यंग उत्पन्न होतें, म्हणून आतां तें मागें पडलें.

आज प्रथम निवड इट्राकोनाझोलची. बुरशीच्या पेशीचें आवरण टिकण्यास अर्गोस्टेरॉल नांवाचें स्निग्ध द्रव्य लागतें; तें तयार होण्याची वाटच हें औषध अडवितें. त्याचा विशेष गुण असा कीं, तें केसांत व त्वचेंत सांठून राहतें व देणें थांबविल्यावरहि कांहीं दिवस काम करतें. म्हणून एक आठवडा रोज द्यावयाचें, दुसरा आठवडा विश्रांति, अशीं तीन आवर्तनें करण्याची पद्धत रूढ आहे. मात्रा साधारणतः मांजराच्या दर किलो वजनास रोज ५ मिलिग्रॅम. आतां शाळेंतल्यासारखें एक गणित करूं. एक किलो वजनाच्या पिलास रोज ५ मिलिग्रॅम, तर तीन आठवड्यांच्या २१ दिवसांत १०५ मिलिग्रॅम. माणसांसाठीं मिळणारी एक कॅप्सूल असते १०० मिलिग्रॅमची ! म्हणजे पिलाचा जवळजवळ सगळा औषधोपचार एका कॅप्सूलमध्यें आला. ती फोडून अदमासानें चिमूटभर देणें म्हणजे एका दिवशीं आठवड्याचें औषध देण्यासारखें होईल. यास्तव वजन करून, मांजरासाठीं योजलेल्या स्वरूपांत, पशुवैद्य सांगेल तेवढेंच द्यावें. उलटी, अन्नावरची वासना जाणें, सुस्ती हीं चिन्हें दिसतांच त्याला कळवावें. यकृतावर ताण पडल्याची तीं खूण असूं शकते. गाभण मांजरीस हेंहि देऊं नये.

दोन औषधांनीं अधिक गुण येईल म्हणून इट्राकोनाझोल व टर्बिनाफीन दोन्ही एकदम पोटांत द्यावींत काय, असें कांहीं लोक विचारतात. नेहमींच्या रोग्यास त्याची गरज नाहीं. त्यानें यकृतावरील भार तेवढा वाढतो. रोग हटत नसेल तर गोळी वाढविण्यापूर्वीं तीन गोष्टी तपासाव्या: घर स्वच्छ झालें आहे काय, दुसरें एखादें मांजर रोग बाळगून आहे काय, आणि याच मांजरास आंतून दुसरा कांहीं आजार आहे काय. पिसवांवरील ल्युफेन्युरॉन या औषधाची एके काळीं गजकर्णावर मोठी ख्याति झाली होती. पुढील परीक्षणांत ती टिकली नाहीं.

स्नानाच्या औषधांत मात्र दोन द्रव्यांची जोडी खरोखर उपकारक ठरली आहे. मायकोनाझोल व क्लोरहेक्सिडीन प्रत्येकीं दोन टक्के असलेला शाम्पू पशुवैद्य देतात. मायकोनाझोल बुरशीच्या पेशीचें आवरण नीट बनूं देत नाहीं आणि क्लोरहेक्सिडीन तें कच्चें आवरण फोडतें. दोहोंचें एकत्र कार्य त्यांच्या वेगवेगळ्या कार्याच्या बेरजेहून अधिक होतें, असें २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मायक्रोस्पोरम कॅनिसवर आढळून आलें. येथें मिश्रणाचा प्रत्येक घटक शत्रूवरच वार करतो. ट्यूबेंतल्याप्रमाणें एकजण शत्रूस दार उघडून देत नाहीं. स्नान आठवड्यांतून दोनदां घालावें. नुसत्या चट्ट्यावर नव्हे, सर्वांगास शाम्पू लावून सुमारें दहा मिनिटें राहूं द्यावा, डोळे व तोंड संभाळावें, मग कोमट पाण्यानें धुवून अंग चांगलें कोरडें करावें. चुन्याच्या पाण्यांत गंधक शिजवून केलेला द्रवहि गुणकारी आहे. परंतु त्यास कुजलेल्या अंड्यासारखी दुर्गंधि येते, व शेतीसाठीं मिळणारा द्रव फार तीव्र असल्यामुळें तो आणून लावूं नये. लांब केस असल्यास ते हलक्या हातानें कातरीनें कमी करावे. यंत्रानें अगदीं मुळापर्यंत भादरल्यास त्वचेस बारीक जखमा होऊन रोग पसरतो.

चट्टे जाऊन नवे केस आले म्हणजे रोग गेला असें नव्हे. प्रयोगशाळेंतील तपासणी निर्मळ येईपर्यंत उपचार चालू ठेवावा. पूर्वीं लागोपाठ दोन वेळां निर्मळ निकाल येणें आवश्यक मानीत. अन्यथा निरोगी असलेल्या घरगुती मांजरास एक निकालहि पुरतो, असें आतां तज्ज्ञ म्हणतात.

घराची शुद्धि

तिसरें अंग घराचें. येथें आपल्या गृहिणींचें कौशल्य पशुवैद्याच्या औषधाइतकेंच मोलाचें. तत्त्व एकच: आधीं केस व धूळ काढा, मग औषध शिंपडा. मळावर ओतलेलें जंतुनाशक वायां जातें. मांजरास धुतां-पुसतां येईल अशा एका खोलींत ठेवावें. गालिचे, गाद्या व विणलेल्या खुर्च्या तेथून हलवाव्या. झाडूनें धूळ उडवूं नये. ओल्या फडक्यानें रोज टिपून घ्यावी. कपडे व चादरी दोनदां धुवाव्या. पाणी ऊनच पाहिजे असें नाहीं, भरपूर पाणी व घुसळण पाहिजे. फरशी साबणानें धुतल्यावर घरगुती ब्लीचचा एक भाग व पाणी बत्तीस भाग या प्रमाणांत करून पुसावी, आणि ती सुकेपर्यंत मांजर व मुलें दूर ठेवावीं. ब्लीचमध्यें संडास साफ करण्याचें आम्ल कदापि मिसळूं नये. त्यांतून प्राणघातक वायु निघतो. आणि फिनेल ! आपल्या घरांतून तें सर्रास वापरलें जातें. परंतु काळ्या फिनेलमधील द्रव्यें पंजांवाटे व जिभेवाटे मांजराच्या पोटांत गेलीं तर त्यास विषबाधा होते.

घरांतील इतर मांजरांची तपासणी करून घ्यावी. माणसांच्या चट्ट्यांवर मांजराचें औषध किंवा मांजराच्या चट्ट्यांवर माणसाचें, असा व्यवहार करूं नये. माणसांनीं त्वचेच्या डॉक्टरकडे जावें व घरीं मांजर आहे हें त्यांना आवर्जून सांगावें. मात्र पिलास महिनोन्‌महिने कोंडून ठेवूं नये. जन्मानंतरचे पहिले दोन-अडीच महिने तें माणसांशीं वागावयास शिकतें. तेव्हां एकटें पडलें तर जन्मभर भितरें होतें. हात धुवून, जुने कपडे घालून त्याच्याशीं रोज थोडें खेळावें.

शेजाऱ्यांच्या पिलाची गोणी शेवटीं निघाली नाहीं. नातीनें अश्रूंनीं घर डोक्यावर घेतलें, तेव्हां आजोबा त्यास पशुवैद्याकडे घेऊन गेले. दिव्याखालीं त्याच्या कानाची कड हिरवी चमकली. ट्यूब बंद झाली. तीन आवर्तनें औषध, आठवड्यांतून दोन स्नानें आणि रोजची ओली पुसणी असा क्रम चालला. नववा आठवडा संपतांना तपासणी निर्मळ आली. आजी व नात यांस त्वचेच्या डॉक्टरांच्या औषधानें गुण आला. त्यांना मात्र स्टिरॉइडनें केलेलें नुकसान भरून काढण्यास पिलाहून अधिक दिवस लागले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

पिलूं बाहेर सोडून दिलें असतें तर काय झालें असतें ? घरांतील धुळींत बीजाणु राहिलेच असते आणि बाजारांतील मांजरांत रोगाची नवी पेरणी झाली असती. प्राण्यास उपाशीतापाशी मरावयास सोडून देणें हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें अपराध आहे; पण कायद्याचा धाक नसता तरी ज्याला आपण दूध दाखवून आणिलें त्याला आजारांत रस्ता दाखविणें आपल्या संस्कारांत बसत नाहीं. गांवांतील पशुवैद्यास अडचण वाटल्यास परळ येथें १८८६ सालीं स्थापन झालेलें मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय व बाई साकरबाई दिनशा पेटिट यांचें प्राण्यांचें रुग्णालय या दोन जुन्या संस्था आजहि कार्य करीत आहेत, व आपल्या गाडीच्या मार्गावरच आहेत.

सुशिक्षित घरांतून कागद वाचण्याची संवय असते. पंचांग आपण बारकाईनें पाहतों, किराण्याची यादी दोनदां ताडून घेतों. तीच नजर ट्यूबेच्या पाठीवरील बारीक अक्षरांवर एकवार टाकावी. बुरशीवरील औषधाच्या शेजारीं क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकीं एखादें नांव आढळलें तर तें स्टिरॉइड आहे, हें ओळखावें. आणि ती ट्यूब डॉक्टरानें स्वतः लिहून दिलेली नसेल तर ना मुलाच्या मानेस लावावी, ना मांजराच्या कानास.